अवरक्त वर्णपट आणि बोटाचा ठसा : एका उपमेची तपासणी

‘प्रत्येक पदार्थाचा अवरक्त वर्णपट म्हणजे त्या पदार्थाच्या बोटाचा ठसाच होय.’ या अर्थाचे वाक्य पदवी वर्गाच्या क्रमिक पुस्तकांत, विज्ञान प्रदर्शनातील तक्त्यांवर आणि भेसळीसंबंधीच्या लेखांत हटकून भेटते. आम्हीही वर्गात ते वर्षानुवर्षे वापरले आहे. तेव्हा या लेखात जी टीका केली आहे तिचा पहिला वाटा आमचाच, हे आधी कबूल केलेले बरे.

झाले असे, की हे वाक्य फळ्यावर लिहून आम्ही दूध तपासण्याच्या यंत्राकडे वळलो, तेव्हा बारावीच्या एका मुलीने विचारले, “सर, दुधात तर पाणी, साखर, प्रथिने, चरबी सगळेच असते. मग यंत्राला दिसतो तो ठसा नेमका कोणाच्या बोटाचा?” तास संपत आला होता, आम्ही वेळ मारून नेली. घरी आल्यावर चार पुस्तके उघडून पाहिली. उपमा सगळीकडे होती. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र एकातही धड नव्हते. या पुस्तकांत काय सांगितले जाते, काय राहून जाते आणि राहून गेल्याने काय बिघडते, याचा विचार येथे केला आहे.

उपमेत खरे काय आहे?

प्रथम उपमेची बाजू मांडू. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून पसरलेल्या सूर्यप्रकाशात तापमापी ठेवून पाहिले. तांबड्या पट्ट्याच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथेही पारा चढला. हेच अवरक्त किरण. पदार्थांच्या परीक्षेसाठी त्यांतला साधारण २.५ ते २५ मायक्रोमीटर तरंगलांबीचा भाग विशेष उपयोगी पडतो. रसायनशास्त्रज्ञ तरंगलांबीऐवजी तरंगसंख्या, म्हणजे एका सेंटिमीटरात किती तरंग बसतात तो आकडा, वापरतात. या हिशेबाने हा पट्टा ४००० पासून ४०० पर्यंतचा होतो. पुढे आलेले सर्व आकडे तरंगसंख्येचे समजावेत.

रेणूतील अणू एकमेकांना स्प्रिंगने जोडलेल्या गोळ्यांसारखे सतत हलत असतात. गोळे हलके असतील किंवा स्प्रिंग ताठ असेल, तर कंपने जलद होतात. कार्बनला हायड्रोजनसारखा हलका अणू जोडलेला असेल तर तो बंध २९०० च्या आसपास अवरक्त किरण शोषतो. कार्बन-कार्बन तिहेरी बंध २१५० च्या आसपास, दुहेरी बंध १६५० च्या आसपास, तर कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध १७०० च्या आगेमागे शोषण दाखवतो. अमेरिकेत विल्यम कोब्लेंट्झ यांनी शंभराहून अधिक संयुगांचे वर्णपट एकेक करून, हाताने मोजून नोंदवले आणि १९०५ साली प्रसिद्ध केले. निरनिराळ्या संयुगांत एकच अणुगट असला की ठरावीक जागी शोषण दिसते, ही गोष्ट त्यातून स्पष्ट झाली. १५०० च्या खाली मात्र सगळा रेणू मिळून कंप पावतो आणि तेथली नक्षी रेणूगणिक बदलते. या भागालाच ‘ठशाचा प्रदेश’ म्हणतात. उपमेचा उगम येथे आहे आणि येथपर्यंत ती योग्यच आहे.

या ज्ञानाचा उपयोगही थोडाथोडका नाही. औषधाच्या कारखान्यात आलेल्या पोत्यात लेबलावर लिहिलेलेच रसायन आहे की नाही, रंगाचा कपचा कोणत्या प्रकारच्या रंगातला, प्लॅस्टिकचा तुकडा पॉलिथिलीनचा की नायलॉनचा, या प्रश्नांची उत्तरे काही मिनिटांत मिळतात. नमुनाही फारसा खर्ची पडत नाही. पद्धत उत्तमच आहे. आमची तक्रार ती शिकवण्याच्या रीतीबद्दल आहे.

दप्तरावाचून ठसा मुका

पोलिसांना ठसा सापडला म्हणून चोर सापडत नाही. तो ठसा आधीच दप्तरी असावा लागतो. वर्णपटाचेही तसेच आहे. नव्या नमुन्याचा आलेख माहीत असलेल्या पदार्थांच्या आलेखांशी ताडून पाहावा लागतो. दप्तरात जो पदार्थच नाही त्याचे नाव यंत्र सांगणार कोठून? ते जास्तीत जास्त जवळचे नाव सुचवील. पुस्तके ही तुलना गृहीत धरतात आणि विद्यार्थ्याला वाटते की आलेख स्वतःच बोलतो.

पेनिसिलिनचा इतिहास या दृष्टीने वर्गात सांगण्याजोगा आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंड-अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ या रेणूच्या रचनेवर वाद घालीत होते. त्यात चार अणूंचे, ताणलेले एक वलय आहे की नाही, हा वादाचा मुद्दा होता. अवरक्त वर्णपटात १७७० च्या सुमारास एक शोषण दिसत होते. पण त्याचा अर्थ लावायचा तर तशाच वलयाचे माहितीतले रेणू तुलनेला हवेत, आणि तसे रेणू फारसे हाती नव्हते. वर्णपटाने चार अणूंच्या वलयाच्या बाजूने साक्ष दिली खरी. निकाल मात्र १९४५ साली डोरोथी हॉजकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या क्ष-किरण अभ्यासाने लागला.

‘प्रत्येक’ हा शब्दही तपासून घ्यावा. कार्व्होन नावाच्या संयुगाचे दोन प्रकार आहेत. उजव्या आणि डाव्या हाताप्रमाणे ते एकमेकांच्या आरशातील प्रतिमा आहेत. एकामुळे स्पिअरमिंट या पुदिन्याच्या जातीला तिचा वास येतो, तर दुसऱ्यामुळे शहाजिऱ्याच्या जातीच्या कॅरावेला. आपले नाक त्यांतला फरक क्षणात ओळखते; नेहमीच्या अवरक्त वर्णपटात मात्र दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. दोन निराळ्या व्यक्तींचा ठसा एकच! औषधांच्या बाबतीत उजवा रेणू गुणकारी आणि डावा निरुपयोगी किंवा अपायकारक असू शकतो. तेव्हा हा अपवाद तळटीपेत ढकलण्याजोगा नाही.

अगदी अलीकडचे उदाहरण समुद्रातील आणि पिण्याच्या पाण्यातील सूक्ष्म प्लॅस्टिक कणांचे आहे. हे कण ओळखण्याचे काम बरेचसे अवरक्त वर्णपटावर चालते. पॉलिथिलीन म्हणजे कार्बन-हायड्रोजनची लांबच लांब साखळी. पण स्टिअरेट या साबणासारख्या पदार्थातही तशीच लांब साखळी असते. प्रयोगशाळेत वापरून टाकायच्या हातमोज्यांवर, ते साच्यातून सुटावेत म्हणून, स्टिअरेट लावलेले असू शकते. नमुना स्वच्छ राहावा म्हणून घातलेल्या मोज्यांचेच हे कण पॉलिथिलीन म्हणून मोजले जाण्याचा धोका असल्याचे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवून दिले गेले. दोन्ही वर्णपटांत फरक आहे, पण थोडा. तो पाहण्यासाठी यंत्राने सुचवलेल्या नावावर न थांबता आलेख स्वतः वाचावा लागतो. त्याचप्रमाणे कापूस आणि लाकडाच्या लगद्यापासून केलेला रेयॉन हे दोन्ही सेल्युलोजच असल्याने त्यांना वेगळे काढणेही अवघड जाते.

यंत्राला न दिसणाऱ्या गोष्टी

दुसरी उणीव अधिक मूलभूत आहे. कंपनामुळे रेणूतील विद्युतभाराची वाटणी बदलत असेल तरच तो रेणू अवरक्त किरण शोषतो. नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या रेणूंत दोन्ही अणू सारखेच असल्याने तसे होत नाही. हवेचा बहुतेक सगळा भाग या दोन वायूंचा असूनही अवरक्त किरणांना तो जवळजवळ पारदर्शक आहे. अल्प प्रमाणात असलेला कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ मात्र ते किरण अडवतात. पृथ्वीच्या हरितगृह परिणामाचे मूळ येथेच आहे. हा धडा आपण भूगोलाच्या तासाला शिकवतो आणि वर्णपटाचा रसायनाच्या तासाला. दोहोंचा सांधा जुळवत नाही.

साधे मीठही असेच. या यंत्रांत नमुना ठेवण्याच्या खिडक्या पूर्वापार मिठाच्या किंवा पोटॅशियम ब्रोमाइडच्या स्फटिकांच्या करतात, कारण वापरातल्या बहुतेक पट्ट्यात हे क्षार किरण शोषत नाहीत. ज्या पदार्थाची खिडकी केली तो पदार्थ नमुन्यात मिसळला असेल तर यंत्राला तो सरळ कसा दिसावा? लॅक्टोमीटर फसवण्यासाठी दुधात मीठ घालणारे लोक आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रश्नाचे व्यावहारिक महत्त्व कळते. तेथे विद्युतवाहकता किंवा साधी रासायनिक परीक्षा मदतीला घ्यावी लागते.

पाण्याची गोष्ट उलट आहे. ते इतके दिसते की बाकीचे झाकून टाकते. ३३०० आणि १६४० च्या सुमारास पाणी जोरदार शोषण करते, आणि प्रथिनांचे एक महत्त्वाचे शोषण नेमके १६५० च्या आसपास असते. रक्त, दूध, पेशी यांत पाणीच जास्त. म्हणून नमुन्याचा अत्यंत पातळ थर घेणे, पाण्याचे शोषण वजा करणे, असे उपाय करावे लागतात. जीवशास्त्रात या पद्धतीचा प्रवेश सोपा नव्हता, तो यामुळे.

दुधाचा ठसा कोणाचा?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. दूध तपासणारे अवरक्त यंत्र ठसा ओळखतच नाही. ते मोजमाप करते. ब्रिटनमध्ये गोल्डन यांनी १९६४ साली ही रीत मांडली. चरबीतील कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध १७४५ च्या आसपास, प्रथिनांतील पेप्टाइड बंध १५४० च्या आसपास आणि दुधातील साखरेचे बंध १०४० च्या आसपास शोषण करतात. प्रत्येक ठिकाणी किती किरण अडले ते पाहायचे आणि त्यावरून टक्केवारी काढायची.

पण ‘इतके किरण अडले म्हणजे इतके टक्के’ हे कोणी ठरवले? ते यंत्राने ठरवलेले नाही. आधी अनेक नमुन्यांतील स्निग्धांश गर्बरसारख्या, आणि प्रथिने केल्डालच्या रासायनिक पद्धतीने मोजतात. मग त्याच नमुन्यांवर यंत्राचे आकडे घेतात आणि दोहोंचा मेळ घालतात. यालाच प्रयोगशाळेत कॅलिब्रेशन म्हणतात. म्हणजे यंत्राची अचूकता शेवटी त्या आम्ल, परीक्षानळी आणि तराजू यांच्या अचूकतेवर उभी आहे. गाईच्या दुधावर लावून घेतलेले यंत्र म्हशीच्या दाट दुधाला तसेच लावले, तर आकडे खात्रीचे राहत नाहीत. म्हशीच्या दुधाचा मेळ वेगळा घालावा लागतो, आणि तोही वेळोवेळी तपासावा लागतो.

येथे आणखी एक घोटाळा दूर केला पाहिजे. गावच्या संकलन केंद्रावर दिसणारी अनेक यंत्रे अवरक्त किरणांवर चालत नाहीत. ती माणसाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी वापरतात. अवरक्त यंत्रे मुख्यतः मोठ्या दुग्धशाळांत असतात. लेखांतून मात्र दोन्ही एकाच दावणीला बांधली जातात. तत्त्वे वेगळी असली तरी दोन्ही यंत्रांना मेळ घालून घ्यावाच लागतो. शेतकऱ्याला दर मिळतो तो फॅट आणि एसएनएफ यांच्या आकड्यांवर. स्निग्धांशात एक-दोन दशांशांचा फरक पडला तरी महिन्याच्या हिशेबात तो जाणवतो. ‘मशीनने दाखवले ते खरे’ असे म्हणून जेव्हा शेतकऱ्याला गप्प केले जाते, तेव्हा त्याच्या घरातील शाळेत जाणाऱ्या मुलाला एवढे तरी विचारता आले पाहिजे, की हे यंत्र शेवटचे कधी आणि कशाच्या आधाराने लावून घेतले? विज्ञान शिकवल्याचे फळ याहून वेगळे काय असते?

मेळ आणि वस्तू यांची गफलत किती महागात पडते ते २००८ साली चीनमध्ये दिसले. १८८३ सालची केल्डाल पद्धत प्रथिने मोजत नाही. ती नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.३८ ने गुणून दुधातील प्रथिनांचा आकडा देते. दुधाला पाणी लावून, त्यात मेलामाईन हे नायट्रोजनयुक्त रसायन मिसळणाऱ्यांनी याच गृहीताचा फायदा घेतला. मेलामाईनचे सूत्र सी-३ एच-६ एन-६. विद्यार्थ्यांकडून हिशेब करून घ्यावा : त्यात वजनाने ६६.६ टक्के नायट्रोजन भरतो. म्हणजे एक ग्रॅम मेलामाईन या पद्धतीला सव्वाचार ग्रॅम प्रथिनांसारखे भासते! सुमारे तीन लाख बालके आजारी पडली, अनेकांना मूतखडे झाले आणि सहा बालके दगावली. त्यानंतर २०१० साली कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेने बाळाच्या दूधभुकटीत किलोमागे १ मिलिग्रॅम आणि इतर अन्नात २.५ मिलिग्रॅम अशी मेलामाईनची कमाल मर्यादा घातली.

अवरक्त पद्धत नायट्रोजनऐवजी पेप्टाइड बंधाकडे पाहते, ही तिची जमेची बाजू. पण चार ठरावीक ठिकाणीच डोकावणारे यंत्र, न बोलावता आलेल्या पाहुण्याची नोंद करीलच असे नाही. संपूर्ण वर्णपट घेऊन, ‘हे दूध नेहमीसारखे दिसते का?’ असा वेगळा प्रश्न मुद्दाम विचारावा लागतो. मेलामाईन प्रकरणानंतर त्या दिशेने बरेच संशोधन झाले.

बोटावरचा चिमटा

करोनाच्या साथीत घरोघर पोहोचलेला ऑक्सिमीटर हे या कुळातले सर्वांत परिचित साधन. जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली त्याचे तत्त्व मांडले. त्यात दोन दिवे असतात. एक ६६० नॅनोमीटरचा तांबडा आणि दुसरा ९४० नॅनोमीटरचा, म्हणजे दृश्य प्रकाशाला लागून असलेल्या अवरक्ताचा. ऑक्सिजन सोडलेले हीमोग्लोबिन तांबडा प्रकाश जास्त शोषते, तर ऑक्सिजनयुक्त हीमोग्लोबिन अवरक्त जास्त शोषते. दोहोंच्या गुणोत्तरावरून टक्केवारी काढतात. पण गुणोत्तरावरून टक्केवारीकडे नेणारा कोष्टक निरोगी स्वयंसेवकांवर घेतलेल्या मोजमापांतून तयार झालेला असतो.

त्या स्वयंसेवकांत गडद त्वचेचे लोक किती होते? हा प्रश्न पुरेशा गांभीर्याने विचारला गेला नव्हता. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील मिशिगनच्या संशोधकांनी रुग्णालयातील नोंदी पडताळल्या. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना रक्ताच्या थेट तपासणीत प्रमाण ८८ टक्क्यांहून कमी निघाले, असे गोऱ्या रुग्णांच्या बाबतीत ३.६ टक्के वेळा आणि कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत ११.७ टक्के वेळा घडले होते. भौतिकशास्त्र खोटे नव्हते, दिवेही बिघडलेले नव्हते. मेळ ज्यांच्यावर घातला ते लोक आणि ज्यांना चिमटा लावला ते लोक यांत अंतर होते. सावळ्या त्वचेच्या आपल्या देशात ही गोष्ट पाठ्यपुस्तकात यायला हवी, की ‘बोटाचा ठसा’ एवढ्यावर भागवायचे?

सुई न टोचता, मनगटी घड्याळातील प्रकाशाने रक्तातील साखर सांगणाऱ्या जाहिरातींकडेही याच नजरेने पाहावे. रक्तात साखर साधारण ०.१ टक्का. तिच्याभोवती पाणी, प्रथिने आणि चरबी यांचे प्रचंड शोषण. त्यातून एवढासा बदल निवडून काढणे अतिशय कठीण आहे. असे स्वतःहून साखर मोजणारे एकही घड्याळ वा अंगठी आपण मंजूर केलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. अशा आकड्यावर विसंबून कोणी इन्शुलिन घेतले तर जिवावर बेतू शकते.

मग शिकवायचे कसे?

उपमा टाकून द्यावी असे आमचे म्हणणे नाही. तिच्या जोडीला साक्षीदाराची उपमा द्यावी. साक्षीदाराला उलटतपासणीत तीन प्रश्न विचारावेत : तू कोणाशी ताडून हे सांगतोस? तुला काय दिसत नाही? आणि तुझी मोजपट्टी कोणी, कशावर आखली? विद्यार्थी १७१५ आणि १६५० हे आकडे पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. हे तीन प्रश्न मात्र कोणत्याही यंत्रापुढे उपयोगी पडतील.

अवरक्त यंत्र शाळेला परवडणार नाही, हे खरे. पण यंत्रातले मर्म शिकवायला एक शीतपेयाची नळी पुरते. नळीचे एक टोक चिकणमातीने बंद करावे, म्हणजे ती पाण्यात उभी तरंगेल. वजनाने ०, ५, १० आणि १५ टक्के साखरेची द्रावणे करून प्रत्येकात नळी कोठवर बुडते तेथे खूण करावी. झाला साखरमापक तयार. आता मुलांना न सांगता पाच टक्के मिठाच्या द्रावणात तो बुडवायला द्यावा. मापक सुमारे नऊ टक्के ‘साखर’ दाखवील. मुलांनी आकडा वहीत लिहिला, की मग मिठाचा पुडा टेबलावर ठेवावा.

मापकाने खोटे सांगितले काय? नाही. त्याने घनता अचूक सांगितली. तिचे नाव साखर ठेवले ते आपण. एवढे कळल्यावर दुधाचा ठसा कोणाचा, हा प्रश्न कोणत्याही मुलीला अनुत्तरित ठेवून घरी जाण्याची वेळ आपल्यावर येणार नाही.